टँकरवरचं रॉक गाणं

या अंकाच्या संपादकांनी फोनवर विषय दिला, 'तुमचं आवडतं जुनं गाणं'. मी म्हणालो, साहेब, नंबर चुकलाय. मी गाणारा नाही आणि वाजवणाराही नाही, मी भोंगेवाला. सिरसाळ्याच्या बाजारात माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. आता ते पोरं चालवतात आणि त्याला साउंड सिस्टीम म्हणतात. दुसऱ्यांची गाणी मोठ्यानं वाजवणं एवढाच माझा उभ्या जन्माचा धंदा. साहेब म्हणाले, मग तर तुम्ही आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त गाणी ऐकली असतील. ते खरं आहे, पण हलवायाला विचारा त्याला पेढा किती आवडतो.

तरी एक गाणं आहे. ते रॉक गाणं आहे, मराठी आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या एका सहकारी दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रात तयार झालेलं आहे. तुम्ही ते ऐकलं असण्याची शक्यता नाही. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांना मात्र त्याची सुरुवात आजही पाठ असेल, आणि शब्द, एक वस्ती सोडली तर, एकीलाही येत नसतील. असं का झालं ते सांगतो, पण आधी धंद्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

लोकांना वाटतं, लाऊडस्पीकरवाल्याचं काम म्हणजे वायर जोडायची आणि खुर्ची टाकून बसायचं. खरं काम भोंग्याचं तोंड कुठं करायचं हे ठरवण्याचं असतं. भोंगा म्हणजे तो पत्र्याचा कर्णा, झाडाला नाहीतर जीपला बांधतात तो. उभं पीक आवाज खातं. ज्वारी कमरेच्या वर आली की अर्ध्या कोसावर जाणारा आवाज बांधावरच बसतो. मोकळ्या रानात तोच आवाज सुसाट जातो. सकाळी दूरवर ऐकू येतो, दुपारी उन्हात वर उडून जातो. हे मला कुणी शिकवलं नाही, शिव्या खाऊन शिकलो.

आणि गिऱ्हाइकं! तेलगावला एका लग्नात नवरीच्या मामानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुनीरभाई, एक भोंगा आमच्या भावकीच्या घराकडं करा. आमी त्यांला बोलावलं न्हाई, पण त्यांला समजलं पायजे की किती मोठं लगीन हाय." मी भोंगा फिरवला. तासाभरानं भावकीतला म्हातारा काठी टेकत मांडवात आला आणि म्हणाला, एवढं मोठ्यानं बोलावलं तर आलो बाबा. मामाला त्याला जेवायला वाढावं लागलं. चकलांब्याला एका पुढाऱ्यानं भाषणाआधी मला विचारलं, "आवाज जाड करायचं बटन हाय का तुझ्याकडं?" होतं. मी फिरवलं, तर त्यांचा आवाज गुळाच्या काहिलीतून आल्यासारखा यायला लागला. लोक हसले, पण साहेब खूश होते, कारण मंचावर बसणाऱ्याला भोंगा कधी नीट ऐकू येत नाही. हेही या धंद्यातलंच एक सत्य आहे.

आता गाण्याकडं येतो.

आमच्या दूध संस्थेचं शीतकरण केंद्र रस्त्याला लागून होतं. गावागावांतून कॅनमधून दूध यायचं, तिथं गार व्हायचं आणि टँकरनं पुढं जायचं. ते गार करणारं यंत्र म्हणजे कंप्रेसर. ते चालवायला नंदू नावाचा पोरगा होता. औरंगाबादला आयटीआय करून आलेला, काटक, बोलायला कमी. तिथल्या हॉस्टेलात कुणाकडून तरी त्यानं परदेशी बँडच्या कॅसेटी ऐकल्या आणि तेव्हापासून त्याला रॉकचं याड लागलं. जुन्या बाजारातून एक गिटार घेऊन आला होता. दुधातली फॅट मोजणारा प्रशांत आणि कॅन धुणारा दशरथ हे त्याचे साथीदार. दशरथ पोचे पडलेले कॅन उलटे टाकून त्यांवर ड्रम वाजवायचा, आणि खरं सांगतो, विकतच्या ड्रमपेक्षा ते बरे वाजायचे. बँडचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'कंप्रेसर'.

एरवी केंद्रात सकाळ-संध्याकाळ इतका गोंगाट असे की गाणं काय, शिवीसुद्धा ओरडून द्यावी लागे. पण पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला. चारा संपला, जनावरं छावणीला गेली नाहीतर बाजारात गेली, आणि दूध आटलं. कंप्रेसर दिवसदिवस बंद राहायला लागला. फरशीचा तो मोठा हॉल रिकामा पडला आणि त्यात या तिघांची तालीम सुरू झाली. माईक आणि ॲम्प्लिफायर मागायला नंदू माझ्याकडं आला. लग्नं नव्हती, जत्रा नव्हत्या, माझंही दुकान माश्या मारत होतं. म्हणून मी सामान घेऊन स्वतःच गेलो.

त्यानं गिटारची वायर माझ्या ॲम्प्लिफायरला लावली, दोनदा वाजवलं आणि तोंड वाकडं केलं.

"चाचा, आवाज लई साफ हाय."

"मग? साफच पाहिजे ना?"

"न्हाई, जरा फाडा."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. आवाज फाटू नये म्हणून मी आयुष्यभर जीव काढला होता. फाटलेल्या आवाजापायी मांडवातून हाकलला गेलो होतो. आणि हा पोरगा मला म्हणतो, फाडा! मी रागारागानं सगळी बटणं टोकाला नेली. म्हटलं, घे, कळू दे तुला. गिटार अशी काही किंचाळली की छपरावरची पारवं उडाली. नंदूच्या तोंडावर जे हसू आलं ते मी कधी विसरणार नाही.

"ह्येच, चाचा! ह्येच पायजे हुतं."

पहिल्या दिवशी मला डोकं दुखण्यापलीकडं काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या फाटक्या आवाजातही सूर आहे. तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही, थेट केंद्रात गेलो. आमच्या घरात कव्वालीचा शौक होता, आणि कव्वालीत माणूस एका ओळीला धरून बसतो, ती पिळून काढतो, तसंच हे होतं. नंदू सांगायचा, रॉकमध्ये आधी गिटार बोलते आणि मग माणूस बोलतो. त्यामुळं त्याच्या गाण्याची सुरुवातच लांबलचक होती. चार सुरांचा एक तुकडा, परत परत, चढत जाणारा. त्यात मग कॅन घुमायला लागायचे. चहा पिऊन होईल इतक्या वेळानं शब्द यायचे.

शब्द त्याचे स्वतःचे होते. त्याचे आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि हा चुलतीकडं वस्तीवर राहायचा. टोळीचा ट्रक निघाला की पोरं त्याच्या मागं धावायची, तसाच हाही धावलेला. त्याचंच गाणं होतं ते:

हळू चाल गाडी, हळू चाल,
माझी माय मागं बसली हाय,
बोचकं दिसतं, कोयता दिसतो,
तोंड कावून दिसत न्हाय?

तोंड का दिसत नाही, ही शेवटची ओळ तो आधी विचारायचा, मग ओरडायचा, मग ओरडता ओरडता त्याचा आवाज बसायचा. मी विचारलं, "आईला ऐकवलंस का?" तो गिटारची तार पुसत म्हणाला, "तिला वाटतंय मी बँजो वाजवतो. काय सांगू, चाचा? तिच्यापुढं बसून म्हणायची हिंमत न्हाई माझी. चार लोकांत म्हणीन, तवा ती बी ऐकंल."

आम्ही ते गाणं टेपवर घेतलं. दूध साठवायची स्टीलची मोठी टाकी रिकामी होती. नंदूनं तिच्या झाकणातून तोंड आत घातलं आणि तिथून गायला. आतून आवाज फिरून यायचा. अशी घुमक मी पुन्हा कुठल्या स्टुडिओतसुद्धा ऐकली नाही. माझ्या कामात अभिमानानं सांगण्यासारखं जे थोडं आहे, त्यात ही कॅसेट पहिली.

पुढं ऐकायला कुणीच मिळालं नाही. लग्नात वाजवायला द्यावं तर लोक म्हणाले, मशीन बिघडलंय का. नंदूनं कॅसेट आकाशवाणीकडं पाठवली, ती कुणी न ऐकता परत आली असावी असं तिच्याकडं बघून वाटत होतं.

उन्हाळा लागला तशी पाण्याची बोंब सुरू झाली. संस्थेचे चेअरमन अण्णा हुशार माणूस. दुधाचा टँकर नुसता उभा होता, त्यांनी तो धुवून घेतला आणि सभासदांच्या गावांना पाणी द्यायला सुरुवात केली. पहिले काही दिवस त्या पाण्याला दुधाचा वास यायचा, आणि पोरं ते आवडीनं प्यायची. अडचण वेगळीच होती. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. बायका विहिरीपाशी घागरी ठेवून दिवसभर उन्हात बसायच्या. कामाला गेल्या तर पाणी हुकायचं, बसून राहिल्या तर रोजगार हुकायचा. टँकर विहिरीत पाणी सोडायचा आणि जी जवळ असेल ती आधी उपसायची, मग भांडणं. एका वाडीत तर चुंबळी ओढून मारामारी झाली.

अण्णांनी मला बोलावलं. "मुनीर, टँकरवर भोंगा बसव. लांबूनच कळलं पायजे बायकांना."

भोंगा मी तासाभरात बसवला. बॅटरीवर चालणारा टेप केबिनमध्ये ठेवला. प्रश्न होता वाजवायचं काय. ड्रायव्हर हरिभाऊनं आरती लावली, तर एका गावात लोकांना वाटलं देवळात काही आहे, आणि चपला काढून उभे राहिले. मी कव्वाली लावून बघितली, लोकांनी विचारलं उरूस कुठं आहे. सिनेमाचं गाणं लावलं तर बर्फवाला आला समजून पोरं धावली, बाया आल्याच नाहीत. तेव्हा मला कळलं की आपल्याकडं प्रत्येक गाण्याला मालक आहे. मला असं गाणं हवं होतं ज्याचं कुणीच नाही, जे कुठंच वाजत नाही, आणि जे रानात दूरवर टोचत जातं.

मी नंदूला विचारलं. तो म्हणाला, "लावा की. तेवढंच लोकं ऐकतील."

रान तर मोकळंच होतं. पिकाचं पातं नव्हतं. सकाळच्या वेळी ती चार सुरांची गिटार खिंडीत वाजली तर पलीकडच्या दोन वाड्यांना ऐकू जायची. आठवड्याभरात गावं शिकली. गिटार सुरू झाली की बाया हातातलं काम टाकून निघायच्या. टँकर विहिरीवर पोचायचा तोवर रांग लागलेली असायची. भांडणं थांबली. रोजगार वाचला. एक म्हातारी मला म्हणाली, "ह्यो बाजा लई गुणाचा हाय." आणि मला फार बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू.

गिटार वाजून शब्द यायच्या वेळेला मात्र टँकर विहिरीवर पोचलेला असायचा. पाणी सुटलेलं, घागरींचा खणखणाट, इंजिन सुरूच. त्यात नंदूचे शब्द कुणाला ऐकू येणार? हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण मला ते तेव्हा मोठं वाटलं नाही.

मग संस्थेची वार्षिक सभा आली. दुधाची संस्था असल्यानं सभासदांत बायकाच जास्त. अण्णांना काळजी अशी की लोक येतात, सही करतात, नाश्ता खाऊन निघून जातात, आणि अहवाल वाचायच्या वेळी कोरम राहत नाही. कोरम म्हणजे सभा चालायला कमीत कमी जेवढी माणसं लागतात ती. अण्णांनी नंदूला सांगितलं, "सभा सुरू व्हायच्या आधी तुमचा बँड वाजवा. माणसं धरून ठेवा."

नंदूला तर आकाश ठेंगणं झालं. चार लोकांत म्हणायची वेळ शेवटी आली होती. आईला त्यानं निरोपही धाडला होता, पण ती चुलत्याच्या मयतीला गेली होती म्हणून आली नाही. तिघांनी इस्त्रीचे शर्ट घातले. दशरथनं कॅन घासून चकचकीत केले. मी माझे सगळ्यांत चांगले माईक लावले, आणि आवाज मापात फाडला. एवढं सगळं करून आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की पुढं काय होणार आहे. आज लिहिताना हसू येतं, त्या दिवशी आलं नाही.

नंदूनं पहिले चार सूर वाजवले. मांडवातल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. दुसऱ्यांदा वाजवले, आणि सगळा मांडव उठला. पोरं काखेला मारून बाया फाटकाकडं पळाल्या. घागरी आणलेल्या नव्हत्या, म्हणून काही जणी केंद्राच्या ओट्याकडं वळल्या आणि दुधाचे कॅन उचलून धावल्या. एकीनं दशरथपुढचा कॅनच ओढला. तो वाजवता वाजवता थांबला आणि हातातल्या काठ्यांकडं बघत राहिला. पुरुष काय झालं म्हणून मागोमाग गेले. मांडवात अण्णा, संचालक मंडळ आणि आम्ही चौघं उरलो.

रस्त्यावर टँकर नव्हताच. बाया परत आल्या त्या चिडूनच आल्या. एक सरळ मंचापाशी येऊन नंदूवर ओरडली, "पानी न्हाई तर वाजवलं कावून? थट्टा करतो का बे गरिबाची?"

नंदूनं गिटार खांद्यावरून उतरवली. बाया तशाच गावाकडं निघाल्या. अण्णांनी घड्याळाकडं बघितलं आणि कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब केली. तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरली की तिला कोरम लागत नाही, हा सहकारातला सगळ्यांत लाडका नियम. अर्ध्या तासानं, प्रश्न विचारायला कुणी नसताना, अण्णा आणि संचालकांनी सगळे विषय चहा निवायच्या आत मंजूर केले. जाताना त्यांनी नंदूच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "नंद्या, दर साली वाजव बे!"

ती थाप त्याला बाईच्या शिवीपेक्षा जास्त लागली. संध्याकाळी तो दुकानात आला.

"चाचा, उद्यापासनं माझं गाणं टँकरवर वाजवू नका."

"अरे, गावं आत्ता कुठं शिकलीत. दुसरं गाणं लावलं तर पुन्हा आठ-दहा दिवस बायकांना कळायचं नाही. पाणी हुकेल त्यांचं."

"घंटा बांधा. न्हाईतर डबा वाजवा. ते माझं गाणं हाय, चाचा. शब्द एकानं बी ऐकले न्हाईत, एकानं बी. उद्या माय बी ते ऐकून घागर घिऊन पळंल. मला ते बघायचं न्हाई."

दोन्ही बाजू खऱ्या होत्या. इकडं पाण्यासाठी धावणाऱ्या बाया, तिकडं हा पोरगा, ज्यानं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मनापासून केली होती आणि तिचा आम्ही भोंगा करून टाकला होता. मी कधी नाही ते अडखळलो. शेवटी म्हटलं, "उद्या तुझ्याच वस्तीवर फेरी आहे. उद्याचा दिवस वाजू दे, सगळ्यांना सांगून येऊ की परवापासून दुसरा आवाज येईल. तूही चल." तो तसाच निघून गेला, पण सकाळी आला.

केबिनमध्ये हरिभाऊ, मधे मी टेप मांडीवर घेऊन, आणि दाराशी नंदू. वस्तीच्या अलीकडं कोरडा ओढा आहे. मी नेहमीप्रमाणं ओढ्याच्या अलीकडं टेप सुरू केला. टँकर ओढ्यात उतरला आणि मधोमध त्याची मागची चाकं वाळूत बसली. हरिभाऊनं रेटा दिला तशी ती जास्तच रुतली. टँकर मागच्या बाजूला इतका खाली गेला की पाणी सोडायचा व्हॉल्व्हच वाळूत गाडला गेला. आता टँकर ओढून काढल्याशिवाय पाण्याचा थेंब मिळणार नव्हता. हरिभाऊनं इंजिन बंद केलं आणि ट्रॅक्टर आणायला पलीकडच्या गावाला निघाला. नंदू फावडं घेऊन मागच्या चाकाखाली शिरला.

तोवर वस्तीवरून बाया धावत ओढ्यात आल्या होत्या. टँकरची दशा बघून थबकल्या. दुष्काळात साखर कारखाना लवकर बंद पडला होता, म्हणून टोळ्याही लवकर परतल्या होत्या आणि वस्ती भरलेली होती. बहुतेक जणी घागरी खाली ठेवून वाळूत उभ्या राहिल्या. करण्यासारखं काही नव्हतं. इंजिन बंद, पाणी बंद, घागरींचा आवाज बंद. फक्त भोंगा चालू होता. माझा हात बटणाकडं गेला होता. मी तो मागं घेतला.

गिटार संपली आणि शब्द आले.

आधी एकीनं मान वर केली, मग दुसरीनं. टाकीत तोंड घालून गायलेला तो आवाज ओढ्याच्या दोन्ही दरडींना आपटून परत येत होता. हळू चाल गाडी, हळू चाल. पुढं उभी असलेली एक सावळी, उंच बाई केबिनच्या खिडकीशी आली. एका हातात घागर, काखेत दुसरी.

"भाऊ, ह्यो आवाज कुणाचा हाय?"

मी नंदूच्या आईला आधी कधी बघितलं नव्हतं. पण तिच्या डोळ्यांवरून ओळखलं.

"तुमच्या नंदूचा," मी म्हणालो.

तिनं वर भोंग्याकडं बघितलं. तेवढ्यात ती ओळ आली. बोचकं दिसतं, कोयता दिसतो, तोंड कावून दिसत न्हाय? ती पुन्हा आली, आणि पुन्हा. आजूबाजूच्या बाया जवळ सरकल्या होत्या. त्यांच्यातल्या बहुतेक जणी कधी ना कधी त्याच ट्रकवर बसलेल्या होत्या. एकीनं तोंड फिरवलं, एक सरळ खाली वाळूत बसली. मी टेपकडं बघत बसलो, जणू त्यात काही बिघाड झाला आहे.

चाकाखालचं फावडं कधीच थांबलं होतं. गाणं संपलं तसा नंदू बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत वाळूनं माखलेला. समोर आई. त्यानं मान खाली घातली.

त्याच्या आईनं, गयाबाईनं, घागर खाली ठेवली.

"तोंडावर पदर घेतलता मी," ती म्हणाली. "तू पळत येताना दिसला असतास, तर उतरले असते. मंग खायला काय घातलं असतं तुला?"

नंदूनं हाताची वाळू शर्टाला पुसली. म्हणाला, "माय, मला ठावं न्हवतं. ती ओळ मी बदलतो."

"कशाला?" ती म्हणाली. "तुला न्हवतंच दिसलं तोंड. खरंच हाय की ते. ऱ्हाऊ दे तसंच."

मग तिनं त्याच्या केसांतली वाळू झटकली, जोरात, लहान पोराची झटकतात तशी. वाळूत बसलेली बाई उठली आणि मला म्हणाली, "भाऊ, फिरून लावा की." मी नंदूकडं बघितलं. कालच गाणं वाजवू नका म्हणालेला तो पोरगा खिडकीतून आत वाकला, त्यानं ती स्वतःच्या हातानं मागं फिरवली आणि बटण दाबलं.

दुसऱ्यांदा गाणं अर्ध्यात आलं होतं तेव्हा ट्रॅक्टर आला. दोरखंड बांधला, एक हिसका, दोन हिसके, आणि टँकर वर आला. व्हॉल्व्हमधून पाण्याची चिळकांडी उडाली तसा सगळ्या बायांनी घागरी उचलून टँकरच्या मागं धाव घेतली. शब्द चालूच होते, पण आता कुणी ऐकत नव्हतं. नंदूची माय सगळ्यांत पुढं होती.